नऊ तालुक्यांचा पाऊस, एकच आलेख: ‘आर’मध्ये अनेक कॉलम एकत्र काढताना

जून लागला की माझ्या फोनवर एक ठरावीक फोटो यायला लागतो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, अर्ध्या भागावर ट्यूबलाइटची चमक. ‘आर’ या आकडेवारीच्या संगणकभाषेत काढलेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांच्या पावसाचा आलेख आणि खाली प्रश्न: “सर, मंडणगड आणि रत्नागिरी दोन्ही काळेच का आलेत?” दुसऱ्याची रेषा वरच्या कडेला जाऊन गडप झालेली असते. तिसऱ्याचा आलेखच उमटत नाही.

तिघंही आलेखाच्या आज्ञेत चूक शोधत बसतात. चूक बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी, तक्त्यातच झालेली असते. म्हणून या लेखाचा निम्मा भाग आलेख काढण्याआधीच्या कामावर आहे. तो गाळून थेट चौथ्या टप्प्यावर उडी मारणारे पुन्हा पहिल्या टप्प्यावर येतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. टिंब आणि अंडरस्कोअर दाखवलेत तिथेच हवेत. ‘आर’ला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात, हेही विसरू नका.

उदाहरण असं धरू: १ जून ते ३० सप्टेंबरचा रोजचा पाऊस, मिलिमीटरमध्ये. पहिला कॉलम तारखेचा. पुढचे नऊ मंडणगड, दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि राजापूर. चार महिन्यांचे दिवस १२२. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

टप्पा १: तक्ता एक्सेलमध्येच साफ करा

आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि पुढचं सगळं प्रतीवर करा.

सरकारी छापाच्या तक्त्यात वर दोन-तीन ओळींचं शीर्षक असतं, जोडलेले रकाने असतात, तळाला ‘एकूण’ची ओळ आणि उजवीकडे ‘सरासरी’चा कॉलम. माणसाला वाचायला हे सोयीचं. ‘आर’च्या लेखी मात्र ‘एकूण’ हा एकशे तेविसावा दिवस आणि ‘सरासरी’ हा दहावा तालुका. दोन्ही काढा. कॉलमच्या नावांची एकच ओळ ठेवा. नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, मध्ये जागा न सोडता द्या. मराठी नावं शेवटी आलेखावर चढवता येतात.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडच्या तक्त्यांत पाऊस पडला नाही तर ‘निरंक’ लिहितात, आणि नोंदच आली नाही तर आडवी रेघ मारतात. पर्जन्यमापक बिघडला, नोंद घेणारा रजेवर होता, कारण काहीही असो. निरंक म्हणजे शून्य. रेघ म्हणजे माहीत नाही. पहिल्यात आकाश कोरडं होतं. दुसऱ्यात कदाचित धो-धो पडला असेल, पण आपल्याला ठाऊक नाही. घाईत दोन्हींना शून्य केलं की जुलैच्या ऐन मध्यावर एखादा तालुका आलेखात कोरडा ठणठणीत दिसतो.

म्हणून ‘शोधा आणि बदला’ वापरून ‘निरंक’च्या जागी शून्य घाला. रेघ तशीच राहू द्या, तिचा बंदोबस्त पुढच्या टप्प्यात होईल.

सावध: आकडे देवनागरीत असतील तर ‘आर’ त्यांना अक्षरं समजतो. ‘१२.५’ हा त्याच्या दृष्टीने आकडा नाही, ‘आंबा’सारखाच शब्द आहे. असा तक्ता असेल तर वाचून झाल्यावर प्रत्येक कॉलमवर सी-एच-ए-आर-टी-आर ही सहा अक्षरांची आज्ञा चालवा. तिला पहिल्या अवतरणात देवनागरी दहा अंक द्यायचे, दुसऱ्यात त्याच क्रमाने इंग्रजी दहा. तारखेचा कॉलम विसरू नका. नंतर पावसाचे कॉलम ॲज.न्यूमेरिकमधून काढा.

शेवटी फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात साठवा. साध्या ‘सीएसव्ही’त साठवली तर मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

टप्पा २: वाचा आणि लगेच तपासा

पाऊस <- रीड.सीएसव्ही("पाऊस.सीएसव्ही", एनए.स्ट्रिंग्ज = सी("", "-"))

एनए.स्ट्रिंग्जमध्ये आडव्या रेघेची सोय झाली: ती आता ‘एनए’, म्हणजे नोंद नाही. मात्र तक्त्यात कुठे छोटी रेघ आणि कुठे लांब रेघ असेल तर दोन्ही द्यावी लागतात. डोळ्याला त्या सारख्या दिसतात, ‘आर’ला नाही. पहिल्या कॉलमच्या नावाआधी विचित्र अक्षरं चिकटून आली तर फाइलएन्कोडिंग = "यूटीएफ-८-बीओएम" असं जोडा.

तपासा:
– एनरो(पाऊस) दिलं की १२२ यायला हवेत. १२३ आले तर ‘एकूण’ची ओळ राहिली.
– एसटीआर(पाऊस) दिल्यावर तारीख सोडून सगळ्या कॉलमांपुढे ‘न्यूम’ किंवा ‘इंट’ दिसलं पाहिजे. एखाद्यापुढे ‘सीएचआर’ दिसलं तर त्या कॉलममध्ये कुठेतरी शब्द अडकला आहे.
– समरी(पाऊस) दिल्यावर प्रत्येक तालुक्याचा कमाल आकडा बघा. दशांश टिंब सुटलं की ८५.४चे ८५४ होतात, आणि ते इथेच पकडता येतं.

‘सीएचआर’ दिसला की लोक सरळ ॲज.न्यूमेरिक चालवतात. शब्दांचे एनए होतात, एक सूचना येते, ती कोणी वाचत नाही. निरंक आधी शून्य केलं नसेल तर कोरडे दिवस इथेच ‘नोंद नाही’ होऊन बसतात. आधी तो शब्द कोणता ते युनिक(…) देऊन बघा, मग निर्णय घ्या. कॉलेजच्या लॅबमध्ये ४.०च्या आधीची ‘आर’ची आवृत्ती असेल तर आणखी एक खड्डा आहे. तिथे असा कॉलम ‘फॅक्टर’, म्हणजे ठरावीक नावांची क्रमवार यादी होतो, आणि ॲज.न्यूमेरिक पावसाचा आकडा न देता यादीतला क्रमांक देतं. आलेख छान येतो, पण सगळा खोटा.

टप्पा ३: तारीख ही तारीख आहे, हे ‘आर’ला सांगा

आपण ०१-०६-२०२३ लिहितो. ‘आर’ची अपेक्षा वर्ष आधी अशी असते. फॉरमॅट न सांगता ॲज.डेट चालवलं तर तो कुरकुर करत नाही, ०१ला वर्ष मानतो, ०६ला महिना आणि २०२३मधल्या २०ला दिवस. हाती येते इसवी सन १ मधली २० जून. दुसऱ्या दिवशी इसवी सन २ मधली २० जून. एका महिन्याचा पाऊस तीस वर्षांवर पसरलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो माझाच आलेख होता.

ॲज.डेट(पाऊस$तारीख, फॉरमॅट = "%डी-%एम-%वाय")

उत्तर परत पाऊस$तारीखमध्येच साठवा, नाहीतर तारीख शब्दच राहते. इथे ‘डी’ आणि ‘एम’ लहान लिपीत, ‘वाय’ मोठ्या लिपीत. वाय लहान लिहिला तर २०२३मधले पहिले दोनच अंक घेतले जातात आणि वर्ष २०२० होतं. तारखेत उभी-तिरकी रेघ असेल तर फॉरमॅटमध्येही तीच हवी.

तारखेच्या जागी ४५०७८ असला पाच अंकी आकडा दिसला तर घाबरू नका. तो एक्सेलचा दिवस-क्रमांक आहे. ४५०७८ म्हणजे १ जून २०२३. ॲज.डेटला ओरिजिन = "१८९९-१२-३०" द्या, तारीख परत मिळते.

तपासा: रेंज(पाऊस$तारीख) दिल्यावर १ जून आणि ३० सप्टेंबर याच दोन तारखा यायला हव्यात, बरोबर वर्षासह. मग ऑल(डिफ(पाऊस$तारीख) == १) द्या. उत्तर ‘ट्रू’ नसेल तर मधली एखादी ओळच गायब आहे. हे का महत्त्वाचं? रकान्यात एनए असेल तर रेषा तिथे तुटते आणि बघणाऱ्याला खाडा कळतो. ओळच नसेल तर ‘आर’ अलीकडचा आणि पलीकडचा बिंदू सरळ जोडून टाकतो. खाड्याचा मागमूस राहत नाही.

टप्पा ४: कच्चा आलेख मॅटप्लॉटने

हा आलेख फक्त आपल्यासाठी, कुणाला दाखवायला नाही. कुठे काही विचित्र दिसतंय का, एवढंच बघायचं.

मॅटप्लॉट(पाऊस$तारीख, पाऊस[, २:१०], टाइप = "एल", एलटीवाय = १, कॉल = पॅलेट.कलर्स(९))

शेवटचा ‘कॉल’चा भाग गाळला की सुरुवातीचा काळ्या रेषांचा प्रश्न उभा राहतो. मॅटप्लॉटकडे आपले असे सहाच रंग असतात. सातव्या कॉलमला तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून मंडणगड-रत्नागिरी, दापोली-लांजा आणि खेड-राजापूर अशा जोड्या एका रंगात येतात. टाइप गाळलं तर रेषा येत नाहीत, १ ते ९ आकडे पसरतात.

काहीजण प्लॉटने पहिला कॉलम काढून लाइन्सने बाकीचे वर चढवतात. चालतं, पण उभ्या अक्षाची उंची पहिल्या कॉलमवरून ठरते आणि नंतर बदलत नाही. त्यामुळे जास्त पावसाच्या तालुक्याचं टोक कापलं जातं. आधीच वायलिम = रेंज(पाऊस[, २:१०], एनए.आरएम = ट्रू) द्या. एनए.आरएम विसरलात तर ‘वायलिमला मर्यादित आकडे हवेत’ अशा अर्थाची चूक दाखवून तो थांबतो.

सूची, म्हणजे लेजंड, इथे हाताने लिहावी लागते. ‘आर’ तुमचा क्रम तपासत नाही. तुम्ही चिपळूणच्या जागी गुहागर लिहिलंत तर तो तसंच छापतो.

टप्पा ५: आडवा तक्ता उभा करा

दाखवायचा आलेख जीजीप्लॉट२ या पॅकेजने, म्हणजे ‘आर’ला वरून जोडायच्या आज्ञांच्या संचाने काढायचा, तर एका ओळीत नऊ तालुके चालणार नाहीत. एका ओळीत एक दिवस, एक तालुका, एक आकडा. टायडीआर हे पॅकेज लागेल.

उभा <- पिव्हट_लाँगर(पाऊस, कॉल्स = -तारीख, नेम्स_टू = "तालुका", व्हॅल्यूज_टू = "मिमी")

तारखेआधीची वजाबाकीची खूण म्हणजे ‘तारीख सोडून सगळे’. ती विसरली की तारीखही तालुक्यांच्या रांगेत जाऊन बसते. ‘दोन कॉलम एकत्र करता येत नाहीत’ अशा अर्थाची चूक आली तर आधी ती खूण बघा. ती जागेवर असेल तर टप्पा २मधला ‘सीएचआर’ तसाच राहिला आहे. मागे जा.

तपासा: एनरो(उभा) = १२२ गुणिले ९ = १०९८. एक कमी नाही, एक जास्त नाही.

आता तालुक्यांचा क्रम. सांगितलं नाही तर ‘आर’ तो वर्णानुक्रमे लावतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे, मंडणगड ते राजापूर हा ओळखीचा क्रम हवा असेल तर फॅक्टरला लेव्हल्स आणि लेबल्स द्या. लेव्हल्समध्ये तक्त्यातली इंग्रजी नावं, लेबल्समध्ये त्याच क्रमाने मराठी.

सावध: लेव्हल्समधलं नाव तक्त्यातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर तो अख्खा तालुका गुपचूप एनए होतो आणि सूचीत करड्या रंगात ‘एनए’ म्हणून उगवतो. तुमचा तक्ता मुळातच उभा असेल, तालुक्यांची नावं मराठीत, आणि वेगवेगळ्या लोकांनी भरलेली, तर आधी टेबल(उभा$तालुका) बघा. ‘चिपळूण’ आणि ‘चिपळुण’ या ‘आर’साठी दोन वेगळ्या जागा आहेत. ऱ्हस्व-दीर्घाची एवढी कडक तपासणी शाळेतही होत नसे.

टप्पा ६: आलेख

जीजीप्लॉट(उभा, एईएस(तारीख, मिमी, कलर = तालुका)) +
जिओम_लाइन()

अधिकची खूण ओळीच्या शेवटी. पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घातली की पहिल्याच ओळीला ‘आर’ काम संपलं समजतो, कोरी चौकट उघडतो आणि पुढच्या ओळीवर चूक दाखवतो.

एईएसच्या कंसात कोणता कॉलम कशासाठी वापरायचा ते सांगतात. मग रंग एईएसच्या आत द्यायचा की बाहेर? कॉलमवरून ठरणारा रंग आत. ‘सगळ्या रेषा निळ्या’ असं असेल तर बाहेर, जिओम_लाइनमध्ये. निळा आत लिहिला तर रेषा लालसर येते आणि सूचीत ‘निळा’ हा शब्द येतो.

रेषाच आल्या नाहीत, ‘प्रत्येक गटात एकच नोंद आहे’ असा निरोप आला आणि खाली तारखांचा काळा पट्टा दिसला, तर तारीख अजून शब्दच आहे. टप्पा ३.

दोन खाड्यांच्या मध्ये एकटी नोंद असेल तर तिला जोडायला शेजारी नाही, म्हणून ती दिसत नाही. जिओम_पॉइंट(साइझ = ०.६) जोडा, ती ठिपक्यासारखी दिसेल.

महिन्यांची नावं मराठीत हवीत तर स्केल_एक्स_डेटमध्ये ब्रेक्सला चार पहिल्या तारखा आणि लेबल्सला जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हाताने द्या.

आलेख आला. आता माझं मत: नऊ तालुक्यांच्या रोजच्या पावसाच्या रेषा एकत्र काढल्या की जाळ्याचा गुंता होतो, तोही सोडवायला कोणी नसलेला. जुलैत सगळेच भिजतात, सगळ्या रेषा एकमेकींवर. रोजचाच पाऊस दाखवायचा असेल तर फॅसेट_रॅप(~तालुका, एनकॉल = ३) जोडून नऊ छोट्या चौकटी करा आणि रंग काढून टाका. प्रत्येक चौकटीवर जिओम_एचलाइनने ६४.५, ११५.६ आणि २०४.५ मिमीवर फिकट आडव्या रेषा मारल्या की हवामान खात्याच्या ‘जोरदार’, ‘अतिजोरदार’ आणि ‘अत्यंत जोरदार’ या पायऱ्या दिसतात. इथे अक्ष मोकळे सोडू नका. सगळ्या चौकटींना एकच उंची असेल तरच तुलना होते.

टप्पा ७: एका चौकटीत नऊ रेषा हव्याच असतील तर

तर साचत जाणारी बेरीज काढा. ती रेषा वरच चढते, कमी गुंतते आणि जूनच्या शेवटी कोण मागे होतं ते एका नजरेत कळतं. डीप्लायर पॅकेजमधून क्रम असा: आधी ॲरेंज(तारीख), मग ग्रुप_बाय(तालुका), मग म्यूटेट(साचला = कमसम(मिमी)).

ग्रुप_बाय राहिलं तर काय होतं ते मला एका कार्यशाळेत, चाळीस माणसांसमोर समजलं. पडद्यावर नऊ रेषांचा एकच जाड दोर आला, आणि तीन हजारांच्या आसपास थांबायला हवा तो पंचवीस हजारांच्या पुढे गेला. प्रत्येक तालुक्यात बाकी आठांचा पाऊस ओतला जात होता.

दुसरा खड्डा एनएचा. एका दिवशी नोंद नसेल तर कमसम त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत सगळंच एनए करतो. १२ जूनला खाडा, की तालुक्याची रेषा तिथेच संपली. एक-दोन दिवसांचेच खाडे असतील तर फक्त या बेरजेपुरतं कोअलेस(मिमी, ०) वापरा, म्हणजे एनएच्या जागी शून्य धरलं जाईल, आणि आलेखाखाली लिहा: अमुक तालुक्यात अमुक दिवसांची नोंद नाही, खरा आकडा याहून जास्त असू शकतो. आठवडाभराचा खाडा असेल तर तो तालुका या आलेखातून वगळा.

तपासा: प्रत्येक रेषेचं शेवटचं टोक आणि टप्पा १मध्ये मूळ फाइलमध्ये राहिलेली ‘एकूण’ची ओळ. दोन्ही जुळायला हवेत. ती ओळ आता कामाला आली.

नऊ रंगांची सूची वाचताना मान सारखी उजवीकडे-डावीकडे होते. तुमचा मुद्दा एका तालुक्याचा असेल तर तो गडद, बाकी आठ करड्या रंगात, आणि नाव रेषेच्या टोकाशीच लिहा. मग सूचीची गरज नाही.

टप्पा ८: कॉलमांची एककं वेगळी असतील तर

चिपळूणचा पाऊस, वाशिष्ठीची पातळी आणि भरतीची उंची एकत्र दाखवायची इच्छा प्रत्येकाला होते, आणि ते रास्त आहे. पण पाऊस शेकड्यांनी मिलिमीटर, पातळी मोजक्या मीटरमध्ये. एकाच अक्षावर टाकले तर नदी तळाशी सपाट पडते.

मग लोक उजवीकडे दुसरा अक्ष काढतात. मी काढत नाही. दुसऱ्या अक्षाचं प्रमाण आपण ठरवतो, म्हणजे दोन रेषा कुठे जुळतील तेही आपणच ठरवतो. त्याऐवजी एकाखाली एक तीन चौकटी: फॅसेट_रॅप(~घटक, एनकॉल = १, स्केल्स = "फ्री_वाय"). इथे मात्र अक्ष मोकळा सोडायचा, कारण एककंच वेगळी आहेत. तारखेचा अक्ष तिन्हींना एकच राहतो.

सावध: पावसाची नोंद सकाळी साडेआठची असते. २२ जुलैपुढे लिहिलेला पाऊस म्हणजे २१च्या सकाळी साडेआठपासून २२च्या साडेआठपर्यंतचा. नदीची पातळी मात्र तासातासाची असू शकते. २०२१च्या चिपळूणच्या पुराचे आकडे घेऊन बसणारे इथे हमखास चुकतात: पावसाचा अख्खा खांब २२ तारखेवर उभा राहतो आणि पाऊस पडण्याआधीच नदी चढल्यासारखी दिसते. पावसाचा खांब त्याच्या खऱ्या चोवीस तासांवर पसरवा, किंवा पातळीचीही साडेआठ ते साडेआठ अशीच कमाल काढा.

टप्पा ९: मराठी अक्षरं आणि साठवण

पीडीएफमध्ये मराठीच्या जागी टिंबं येत असतील तर दोष तुमच्या फॉन्टचा नाही. ‘आर’च्या साध्या पीडीएफला देवनागरी जमत नाही. रॅग हे पॅकेज घाला आणि पीएनजी साठवा, जोडाक्षरं नीट येतात. ‘आर’ ज्यात चालवतो त्या आरस्टुडिओच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये बॅकएंड ‘एजीजी’ निवडलंत तर पडद्यावरही तेच दिसेल. तरी चौकोनच आले तर थीममध्ये फॉन्टचं नाव द्या, ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा विंडोजवरचा ‘निर्मला यूआय’.

साठवताना जीजीसेव्हला आलेखाचं नाव, रुंदी, उंची, युनिट्स = "सीएम" आणि डीपीआय = ३०० स्वतः द्या. नाव दिलं नाही तर तो सगळ्यात शेवटी काढलेला आलेख साठवतो, तुमच्या मनातला नाही. रुंदी दिली नाही तर पडद्यावर खिडकी जेवढी ओढली असेल तेवढी घेतो, आणि अहवालात अक्षरं मुंगीएवढी होतात. ए-४ कागदासाठी १६ बाय १० सेंटिमीटर पुरतं. आज्ञांची फाइलही वेळच्या वेळी साठवा; आमच्याकडे जूनमध्ये लाइट विचारून जात नाही.

पाठवण्याआधी एक प्रत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात काढून बघा. तहसील असो की कॉलेज, अहवाल शेवटी त्याच यंत्रातून जातो. पॅलेटमधला पिवळा तिथे कागदात विरून जातो आणि निळा-केशरी एकसारखे करडे होतात. तसं झालं तर एईएसमध्ये लाइनटाइप = तालुका जोडा; पण तुटक रेषांचे नऊ प्रकार कुणालाच ओळखता येत नाहीत, तेव्हा तालुके चारांवर आणा.